फ्रेमिंग प्लॅनवर भिंती गायब का होतात? आणि दाखवायच्या तर कुठल्या मजल्याच्या?

घराचा आर्किटेक्चरल प्लॅन बहुतेकांनी पाहिलेला असतो. हॉल, किचन, बेडरूम, दारं-खिडक्या आणि जाड रेषांत काढलेल्या भिंती. त्याच घराचा फ्रेमिंग प्लॅन समोर आला की मात्र गोंधळ उडतो. कॉलमचे काळे चौकोन दिसतात, बी-१, बी-२ असे बीमचे नंबर दिसतात, स्लॅबची जाडी लिहिलेली असते आणि भिंतींचा पत्ताच नसतो. कधी याच्या अगदी उलट असतं. भिंती इतक्या ठळक छापलेल्या असतात की त्यांच्या गर्दीत बीम शोधावा लागतो.

दोन्ही वेळा दोष बहुधा ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरच्या एखाद-दोन सेटिंगचा असतो. पण सेटिंगला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती सॉफ्टवेअर ठरवून देत नाही. या शीटवर दाखवायची भिंत कुठली? स्लॅबच्या खालची की स्लॅबवर उभी असलेली?

खालची भिंत आणि वरची भिंत

एखाद्या मजल्याची जमीन ज्या सांगाड्यावर पेललेली असते, त्या सांगाड्याचा नकाशा म्हणजे फ्लोअर फ्रेमिंग प्लॅन. हे नाव आणि ही पद्धत लाकडी घरांच्या अमेरिकेत चांगली समजते. तिथली बहुतेक स्वतंत्र घरं लाकडी सांगाड्याची असतात. मजल्याखाली साधारण १६ इंचांवर एक याप्रमाणे लाकडी जॉइस्ट टाकतात आणि त्यावर फळ्या ठोकतात. आपल्या जुन्या वाड्यांतला कडीपाट आठवला तर चित्र लगेच उभं राहील. जॉइस्ट म्हणजे कडी, वरच्या फळ्या म्हणजे पाट. या कड्या ज्या भिंतीवर टेकतात, ती खालच्या मजल्याची भिंत. ती आधार देणारी असल्यामुळे फ्रेमिंग प्लॅनवर दिसायलाच हवी. ती नसेल तर कडी कुठून कुठे जाते, हेच कळणार नाही.

पण वरच्या मजल्याच्या भिंतीही त्याच कड्यांवर उभ्या राहतात. अमेरिकेत घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या आदर्श बांधकाम संहितेत यासाठी एक नियम आहे. भार वाहणारी वरची भिंत जॉइस्टला आडवी असेल, तर ती खालच्या आधारापासून जॉइस्टच्या उंचीपेक्षा जास्त सरकलेली नसावी. सरकली असेल, तर वाढीव भार पेलेल एवढे मोठे जॉइस्ट द्यावे लागतात. हा नियम पाळला गेलाय की नाही हे तपासायचं, तर खालची आणि वरची भिंत एकाच कागदावर, एकमेकींपासून वेगळी ओळखू येईल अशी दिसली पाहिजे. एकच दाखवली तर तपासणी होऊच शकत नाही.

महाराष्ट्रातल्या आरसीसी इमारतींत गणित थोडं बदलतं. इथे स्लॅब बीमवर, बीम कॉलमवर आणि कॉलम पायावर. विटांची भिंत साधारणपणे स्लॅबला आधार देत नाही, उलट तीच बीमवर बसलेली असते. म्हणून इथे जास्त महत्त्वाची ठरते ती वरची भिंत.

इथेच 'पहिला स्लॅब' या शब्दाने घोटाळा होतो. साइटवर पहिला स्लॅब म्हणजे तळमजल्याचं छत आणि पहिल्या मजल्याची जमीन. त्याच्या फ्रेमिंग प्लॅनखाली आर्किटेक्टची कुठली फाइल लावायची? आरसीसी सांगाडा असेल तर पहिल्या मजल्याचा प्लॅन, कारण त्या भिंतींचं वजन या स्लॅबच्या बीमवर येणार. लोड-बेअरिंग बांधकाम असेल, म्हणजे स्लॅब थेट भिंतींवर टेकणार असेल, तर तळमजल्याचा प्लॅन आधी हवा आणि पहिल्या मजल्याचा त्याच्यासोबत. नावाच्या गोंधळात चुकीच्या मजल्याची फाइल लागली, तर नकाशा दिसायला एकदम व्यवस्थित दिसतो आणि आतून चुकीचा असतो. शीटच्या शीर्षकात 'पहिला स्लॅब' एवढंच न लिहिता लेव्हल लिहिली आणि 'राखाडी भिंती: पहिल्या मजल्याच्या' अशी एक ओळ टाकली, तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

एका भिंतीचं वजन किती?

भिंत दिसली नाही तर एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. थोडा हिशेब करू. मजल्याची उंची ३ मीटर धरली आणि वरच्या बीमची खोली वजा केली, तर भिंत उरते सुमारे २.५५ मीटर उंच. नऊ इंची, म्हणजे २३० मिमी जाडीची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह धरली, तर एका मीटर लांबीला वजन सव्वा टनाच्या आसपास जातं. साडेचार इंची भिंतही मीटरला ६५० ते ७०० किलो भरते. तीन मीटर लांबीची अशी भिंत म्हणजे दोन टनांचं वजन एका रेषेत.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. राहत्या खोलीत माणसं आणि सामान यांच्यासाठी स्लॅबवर धरला जाणारा भार असतो चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो.

पार्टिशनची जागा आधी ठरलेली नसेल तर काय करायचं, हेही भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात सांगितलं आहे. पार्टिशनच्या दर मीटरच्या वजनाचा एक तृतीयांश भाग चौरस मीटरला जादा भार म्हणून धरायचा, आणि तो किमान १ किलोन्यूटन असावा. पण ही सवलत हलक्या पार्टिशनसाठी आहे. भिंतीचं वजन मीटर लांबीला ४ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे ४०० किलोच्या वर गेलं की ती लागू होत नाही. साडेचार इंची विटांची भिंत या मर्यादेच्या बरीच बाहेर पडते. १०० मिमीची एएसी ब्लॉकची भिंत साधारणपणे आत बसते आणि जिप्सम बोर्डची पार्टिशन तर सहजच बसते.

म्हणजे विटांची भिंत कुठे येणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला आकृतीत दिसलंच पाहिजे. तिच्याखाली बीम आहे का, नसेल तर स्लॅबमध्ये जादा लोखंड लागेल का, हे तिथेच ठरतं. आर्किटेक्टने मागाहून टॉयलेटची भिंत दीड फूट सरकवली आणि फ्रेमिंग प्लॅनवर भिंती नसतीलच, तर ती बीमवरून घसरून मोकळ्या स्लॅबवर आलीय हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

रेव्हिटमध्ये भिंती कुठे जातात?

रेव्हिट वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की भिंत थ्रीडीत दिसते, फ्लोअर प्लॅनमध्ये दिसते, पण स्ट्रक्चरल प्लॅन उघडला की गायब. भिंत कोणी डिलीट केलेली नसते. यामागे बहुतेक वेळा 'डिसिप्लिन' नावाची व्ह्यूची प्रॉपर्टी असते. ती 'स्ट्रक्चरल' असली की रेव्हिट बिगर-भारवाही भिंती आपोआप लपवतं. आर्किटेक्चरल वॉल टूलने काढलेली भिंत मुळातच बिगर-भारवाही धरली जाते. त्यामुळे आर्किटेक्टचं मॉडेल लिंक केलं तरी त्यातल्या भिंती स्ट्रक्चरल प्लॅनमध्ये येत नाहीत.

सॉफ्टवेअरचा तर्क चुकीचा नाही. स्ट्रक्चरच्या नकाशात स्ट्रक्चरच दिसावं. पण विटांच्या भिंतींच्या देशात हा तर्क अपुरा पडतो, कारण इथली बिगर-भारवाही भिंतच मीटरला टनभर वजन घेऊन येते.

यावर उपाय दोन आहेत. ज्या भिंती खरोखर भार वाहतात, त्यांच्या प्रॉपर्टीत 'स्ट्रक्चरल' ही खूण करायची आणि 'स्ट्रक्चरल युसेज'मध्ये बेअरिंग निवडायचं. हे मॉडेलमधलं सत्य आहे आणि ते बरोबरच असायला हवं. पण केवळ दिसावी म्हणून पार्टिशनला बेअरिंग ठरवू नये. तो शॉर्टकट पुढे महागात पडतो, कारण मॉडेल वापरणारा पुढचा माणूस त्या खुणेवर विश्वास ठेवतो. बाकीच्या भिंतींसाठी व्ह्यूचं डिसिप्लिन 'कोऑर्डिनेशन' करायचं. तो पर्याय बदलता येत नसेल, तर व्ह्यूला टेम्प्लेट लावलेलं असतं आणि बदल टेम्प्लेटमध्ये करावा लागतो. डिसिप्लिन बदलल्यावर स्लॅबखालच्या बीमच्या तुटक रेषा बिघडल्या, तर 'शो हिडन लाइन्स' हा पर्याय तपासावा.

दुसरं कारण व्ह्यू रेंजचं. रेव्हिटमधला प्लॅन म्हणजे इमारत एका उंचीवर आडवी कापून वरून पाहिलेलं दृश्य. मेट्रिक टेम्प्लेटच्या फ्लोअर प्लॅनमध्ये हा काप जमिनीपासून १२०० मिमीवर असतो. या उंचीवर काप घेतला की त्या मजल्यावर उभ्या असलेल्या भिंती कापल्या जातात आणि ठळक रेषेत येतात. खालच्या मजल्याच्या भिंती स्लॅबच्या आड जातात. म्हणजे व्ह्यू रेंजला हात न लावता वरच्या भिंती मिळतात. लाकडी घर किंवा लोड-बेअरिंग इमारत असेल, तर नेमक्या नको त्या भिंती ठळक होतात.

खालच्या भिंती हव्या असतील तर 'अंडरले' वापरावा. त्यात खालचा मजला निवडायचा आणि वरून खाली बघण्याची दिशा ठेवायची. अंडरलेमधल्या वस्तू फिकट छटेत येतात, त्यामुळे बीमवर कुरघोडी करत नाहीत. आधार देणारी भिंत गडद आणि पार्टिशन फिकट असा फरक हवा असेल, तर स्ट्रक्चरल युसेजवर व्ह्यू फिल्टर लावून दोघींना वेगवेगळी भरणी देता येते. थोडी मेहनत एकदाच लागते. नंतर टेम्प्लेट सगळ्या मजल्यांना लावता येतं.

अमेरिकेतल्या घरबांधणीत वापरलं जाणारं चीफ आर्किटेक्ट हे सॉफ्टवेअरही अशीच सोय देतं. त्यातल्या रेफरन्स डिस्प्लेमुळे दुसरा मजला चालू मजल्यामागे वेगळ्या रंगात दिसतो. तिथेही प्रश्न तोच असतो, कुठला मजला मागे ठेवायचा.

ऑटोकॅडची गोष्ट वेगळी

आपल्याकडच्या छोट्या-मोठ्या ऑफिसांत आजही मोठं काम ऑटोकॅडवर चालतं. तिथे भिंत म्हणजे वस्तू नसून नुसत्या रेषा असतात. त्यामुळे सॉफ्टवेअर स्वतःहून काही लपवत नाही, पण स्वतःहून काही सांभाळतही नाही.

चांगली पद्धत म्हणजे आर्किटेक्टची फाइल कॉपी-पेस्ट न करता एक्सरेफ म्हणून जोडणं. भिंत सरकली की एक्सरेफ रीलोड केल्यावर ती फ्रेमिंग प्लॅनवरही सरकते. कॉपी केलेल्या भिंती मात्र ज्या दिवशी आणल्या त्या दिवसाच्याच राहतात. एक्सरेफमधले फर्निचर, टाइल्स, मापं, दारांचे कमानीसारखे चाप, खोल्यांची नावं यांचे लेअर बंद करायचे आणि फक्त भिंती ठेवायच्या. केलेले बदल पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर टिकावेत म्हणून 'व्हिसरिटेन' या व्हेरिएबलची किंमत १ असावी लागते. नाहीतर दर वेळी सोफे आणि डबलबेड परत येतात.

दाराचा चाप काढायचा, पण दाराची मोकळी जागा भिंतीत तशीच ठेवायची. कड्या किंवा स्लॅब थेट भिंतीवर टेकत असतील, तर त्या उघड्या जागेवरचा भार लिंटेलने उचलायचा असतो. भिंत सलग दाखवली तर लिंटेलची गरजच दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. ऑटोकॅडमध्ये जोडलेली एक्सरेफ स्क्रीनवर फिकट दिसते. ड्राफ्ट्समनला वाटतं, भिंती छान मागे गेल्या. पण हा फिकेपणा फक्त स्क्रीनपुरता असतो, प्लॉटमध्ये येत नाही. कागदावर भिंती पूर्ण काळ्या उमटतात आणि बीमला झाकून टाकतात. कागदावरही फिकट हव्या असतील तर भिंतींच्या लेअरला राखाडी रंग द्यावा लागतो किंवा प्लॉट स्टाइलमध्ये त्या रंगाचं स्क्रीनिंग कमी करावं लागतं, उदाहरणार्थ १०० वरून ४०-५० वर.

तुटक रेषांचंही असंच. खालची भिंत तुटक रेषेत काढली, पण प्रिंटमध्ये ती सलग आली, तर लाइनटाइप स्केल चुकलेला असतो. मॉडेलमध्ये एक आणि शीटवर दुसरंच असं होत असेल, तर 'पीएसएलटीस्केल' तपासावं. ते १ असलं की शीटवरच्या वेगवेगळ्या स्केलच्या व्ह्यूपोर्टमध्ये तुटकपणा सारखा दिसतो.

भिंत आणि बीम एकाच रेषेवर

आरसीसी घरांत आणखी एक खास अडचण येते, आणि ती कुठलंच सेटिंग सोडवत नाही. भिंत २३० मिमी, तिच्याखालचा बीमही २३० मिमी रुंद. दोघांच्या कडा प्लॅनवर तंतोतंत एकावर एक येतात. स्लॅबखालचा बीम तुटक रेषेत आणि भिंत सलग रेषेत काढली, तर सलग रेष तुटक रेषेला गिळून टाकते. बीम नकाशात असतो, पण दिसत नाही.

स्केलची भर यात पडते. १:१०० ला २३० मिमीची भिंत कागदावर २.३ मिमी रुंद असते, तेवढी जागा पुरते. १०० मिमीची पार्टिशन मात्र फक्त १ मिमी असते. तिच्या दोन्ही कडा ०.५ मिमीच्या जाड रेषेत काढल्या, तर मध्ये अर्धा मिमी पांढरा पट्टा उरतो. १:२०० ला तोही जातो आणि भिंतीचा नुसता काळा दोरा होतो.

म्हणून फ्रेमिंग प्लॅनवर भिंतीला रेषाच न देणं हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. भिंत फिकट राखाडी भरणीने दाखवायची, कडेची रेष बंद करायची किंवा अगदी बारीक, ०.१३ मिमीची ठेवायची. भरणी ड्रॉ ऑर्डरमध्ये सगळ्यात मागे पाठवायची. तिच्यावर बीमच्या ०.३५ मिमीच्या रेषा आणि भरीव काळे कॉलम. भिंत रंगाच्या छटेने वाचली जाते, बीम रेषेने, आणि दोघं एकाच जागी असूनही भांडत नाहीत. ज्या राखाडी पट्ट्याखाली बीमच्या रेषा नाहीत, तो लगेच डोळ्यांत भरतो. इंजिनिअरला शोधायची असते ती नेमकी हीच जागा.

वरची आणि खालची, दोन्ही भिंती दाखवायच्या असतील तर एकीला सपाट छटा आणि दुसरीला तिरप्या रेघांचं हॅच द्यावं. दोन राखाडी छटांवर भिस्त ठेवू नये. प्लॉटरवर वेगळ्या दिसणाऱ्या छटा झेरॉक्समध्ये एक होतात, आणि साइटवर प्रिंटपेक्षा व्हॉट्सॲपवर आलेला तिचा फोटोच जास्त फिरतो. ए-१ शीट ए-३ वर छापली तर लांबी-रुंदीसोबत रेषांची जाडीही अर्धी होऊ शकते. शीट पक्की करण्याआधी तिची ए-३ काळी-पांढरी प्रिंट काढून त्याची झेरॉक्स बघावी. तिच्यावर भिंत ओळखू आली तर काम झालं.

फ्लॅट घेणाऱ्याला याचं काय?

घराचं नूतनीकरण करताना 'ही भिंत पाडता येईल का' हा प्रश्न हमखास येतो. त्याचं पहिलं उत्तर फ्रेमिंग प्लॅनमध्ये असतं. हवी असलेली भिंत ज्या छताखाली आहे, त्या छताचा फ्रेमिंग प्लॅन बघावा लागतो. तिच्या वरून बीम जातोय आणि तो दोन्ही टोकांना कॉलमवर टेकलाय, तर भिंत बहुधा नुसती भराव भिंत असते. वर बीम नाही आणि स्लॅब किंवा कड्या थेट भिंतीवर टेकतात, तर ती भिंतच आधार आहे.

मुंबई-पुण्याच्या अनेक नव्या टॉवरांत तिसराच प्रकार असतो. ॲल्युमिनियम शटरिंगच्या, बोली भाषेत 'मायवान' पद्धतीच्या इमारतींत भिंती आणि स्लॅब काँक्रीटचे एकसंध ओतलेले असतात. तिथे घरातल्या साध्या दिसणाऱ्या भिंतीही सांगाड्याचा भाग असतात आणि फ्रेमिंग प्लॅनवर त्या कॉलमसारख्याच भरीव दाखवलेल्या असतात. हॉल मोठा करायला त्या फोडायच्या नसतात. स्विचबोर्डसाठी खोल चर मारण्याआधीही विचारावं लागतं.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात इमारतीचा आधार काढला गेल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

फ्रेमिंग प्लॅन वाचून अंदाज येतो, पाडण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. त्यासाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा पाहून लेखी मत द्यावं लागतं, आणि सोसायटीची व महापालिकेची मंजुरी वेगळी. इंजिनिअरकडे जाताना शीटवरची रिव्हिजनची तारीख तेवढी बघून जावी. आर्किटेक्चरल प्लॅनची तारीख फ्रेमिंग प्लॅनच्या नंतरची असेल, तर राखाडी रंगात दिसणाऱ्या भिंती आज त्या जागी असतीलच असं नाही.